पोटात गाठ नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले आणि मनात हा विषय वर यायला लागला, की मी घाईघाईने मुलांचं काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखत असता तर सांगितलं नसतं – एवढं मात्र खरं.

सांगायला बसले तेव्हा वाटलं होतं, रडू येईल. येत नाही. हात स्वच्छ चालतो आहे. वर्गात फळ्यावर आकृती काढून भागांना नावं द्यावीत, तसं सगळं जागच्या जागी दिसतंय मला. तुम्हाला ते थंडपणाचं वाटेल. वाटू दे. थंडच आहे ते.

आधी पोटाचं सांगते. ते सोपं आहे.

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. यजमान फौजेत सुभेदार, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही संसार बराचसा फोनवरच झाला. सासर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूचं एक गाव. तिथं थोरले दीर ऊस बघतात, थोरल्या जाऊबाई सुमनताई घर बघतात, आणि सासूबाई त्या दोघांना बघतात. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. मला जुळे मुलगे झाले. आता ते पुण्यात शिकतात, सुट्टीत येतात, कपड्यांचा ढीग टाकून परत जातात. पण जन्माला येताना जे पोट त्यांनी एवढं ताणून ठेवलं, ते माझ्याकडे कायमचं मुक्कामाला राहिलं.

लठ्ठ नव्हते मी. हे लोकांना पटायचं नाही. चालायला जायचे, योगासनं करायचे, भात सोडला, साखर सोडली. चेहरा उतरला, दंड उतरले, गळ्याची हाडं दिसायला लागली – पोट जागचं हललं नाही. खाली बसले की ते मांडीवर येऊन बसायचं. साडी नेसताना एका हाताने ते उचलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने निऱ्या खोचायच्या, अशी माझी पद्धत होती. उन्हाळ्यात घडीखाली कातडी लालेलाल व्हायची, पावडर भरावी लागायची. आणि एकदा मिरजेच्या सिटी बसमध्ये एक मुलगी झटकन उठून म्हणाली, “बसा ना ताई, या दिवसांत उभं राहू नये.” काय करणार? बसले मी. तिला वाईट वाटू नये म्हणून पोटावर हात ठेवून, उतरायची जागा येईपर्यंत बसून राहिले. चव्वेचाळीस वर्षांची होते तेव्हा.

हसलात? हसा. मीही स्टाफरूममध्ये हा किस्सा रंगवून सांगितला होता, सगळे हसले होते. घरी आले आणि कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला. तो कितीतरी महिने तसाच होता.

तर ऑपरेशन करायचं ठरवलं. सर्जन तरुण होते, मोजकं बोलणारे. त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं – पोटाचे दोन उभे स्नायू जुळ्यांमुळे एकमेकांपासून फाकलेत, ते आतून शिवून जवळ आणायचे, खालची जादा कातडी कापून टाकायची, वरची ओढून खाली घ्यायची, बेंबी नव्या जागी बसवायची. मी मान हलवत होते. हे सगळं मी मुलांना शिकवते, फक्त कापण्याचा भाग सोडून. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, हा आजार नाही. करायलाच हवं असं काही नाही. तुम्हाला हवं असेल तरच.” मला हवं होतं. आयुष्यात इतकी स्वच्छ, दुसऱ्या कुणाचा संबंध नसलेली इच्छा मला दुसरी झाली नसेल. तिची लाज मला तेव्हाही वाटत नव्हती आणि आजही वाटत नाही. गैरसमज नको. माझी चूक पोटात नाही.

यजमानांना फोनवर खरं ते सांगितलं. ते म्हणाले, तुला बरं वाटत असेल तर कर, पण आईला काय सांगायचं ते तू बघ.

बघितलं मी.

आत्तींना पहिल्यांदा मी जवळजवळ खरंच सांगितलं होतं, हे माझ्या बाजूने कुठं लिहायचं असेल तर लिहा. म्हटलं, पोटाचे स्नायू सुटलेत, शिवून घेते. त्या फोनवर मोठ्यानं हसल्या. “आगं, पाच बाळंतपणं झाली माझी. माझंबी पोट हे असंच हाय, सैल कणकेवानी. त्येला कोण चिरून घेतंय व्हय? चांगल्या अंगाला सुरी कशाला लावून घेतीस?” आणि मग – “थांब, मीच येती सांगलीला. तुझ्या डाक्टरला इचारती, असं कसं काय कापतोस म्हणून.”

त्या आल्या असत्या. त्यांनी विचारलंही असतं, दवाखान्यात सगळ्यांसमोर, आवाज न उतरवता. आणि त्या सर्जननी, त्यांच्या त्या मोजक्या बोलण्यात, खरं ते सांगितलं असतं.

मी म्हणाले, “गाठ आहे, आत्ती.”

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग हळूच, “कसली गं?”

“काढल्यावर कळेल.”

एवढंच. एक शब्द. गाठ म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही. त्यांच्या शेजारच्या घरातली बाई गाठीनेच गेली होती, आत्तींनी तिच्या उशाशी दिवस काढले होते. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. म्हणून तर तो शब्द सुचला. फोन ठेवल्यावर मला छान हलकं वाटलं, चहा केला, त्यात त्या दिवशी साखरही घातली.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल – एवढंच होय? बायका असलं कितीतरी सांगतात घरात. नवी साडी जुनीच आहे म्हणून सांगतात. खरं आहे. थांबा जरा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला उभं करून सर्जननी पोटावर निळ्या पेनाने रेषा काढल्या. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. फोटो काढले – समोरून, बाजूने, वाकून – चेहरा न घेता. मला ते बरं वाटलं. चेहरा नसलेलं पोट कुणाचंही असू शकतं. मग भूल, मग काहीच नाही. जाग आली तेव्हा पोटावर कुणीतरी घट्ट कवाड लावून घेतल्यासारखं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी नळ्या, त्यांच्या टोकाला छोट्या बाटल्या, त्यात लालसर पाणी साठत होतं. वर करकचून पट्टा. सरळ उभं राहायचं नाही, वाकूनच चालायचं, गुडघ्याखाली उशा घेऊन झोपायचं.

सुमनताई सेवेला यायला निघाल्या होत्या. बॅग भरली होती त्यांनी. मी कळवलं, डॉक्टर कुणाला येऊ देत नाहीत, जंतुसंसर्गाची भीती आहे. ब्युरोतून एक बाई ठेवली. गावाकडून आलेले डिंकाचे लाडू तिनेच खाल्ले. मला ते खायची मुभा नव्हती, आणि – आता लपवून काय करू – पोट पुन्हा वाढू द्यायचं नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्या दिवसांत एकदा आडवी पडून मी चहाचा स्टीलचा पेला पोटावर टेकवून मोबाइल बघत होते. बाई ओरडली तेव्हा मी पेला उचलला. बेंबीखाली लाल गोल उठला होता, संध्याकाळपर्यंत फोड आला. मला काहीच कळलं नव्हतं. कापल्यामुळे त्या कातडीच्या नसा तुटलेल्या असतात, बरेच महिने ती बधिर राहते, काहींची कायमची. सर्जननी आधी सांगितलं होतं. तेव्हा बधिर अंगाला इजा झालेली कळत नाही, ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती असं नाही. ती मला त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या पोटावरून कळली होती. हे लक्षात ठेवा. मी माहीत नव्हतं म्हणणाऱ्यांतली नाही.

पुढे सुमनताईंचा फोन आला. आवाज खाली करून बोलत होत्या, आत्ती शेजारच्या खोलीत असाव्यात. “आत्तींनी देवीला बोललंय. तू बरी हून घरी यायचीस, आत्ती स्वताच्या हातानं तुला न्हाऊ घालणार, मग तू डोंगरावर जाऊन देवीची ओटी भरायचीस. तवर पायात पायताण घालणार न्हाईत म्हणत्यात.”

मला हसू आलं. खरं सांगते, आलं. पोटाच्या टाक्यांमुळे हसता येईना म्हणून उशी दाबून धरली.

आत्तींना साखर होती. बरीच वर्षं. पायांची आग व्हायची, मग आग व्हायची थांबली, त्या म्हणाल्या बरं झालं, थांबली. मी म्हटलं, आत्ती, हे बरं झालेलं नाही, पाय बधिर झालेत. त्याआधीच्या वर्षी टाच फुटली होती ती भरून यायला दिवाळी उलटली. तेव्हा मीच सांगलीच्या पेठेत हिंडून त्यांच्यासाठी मऊ तळव्याचं पायताण आणलं, आणि दरडावून सांगितलं, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, झोपताना रोज तळवे बघायचे. डॉक्टरांचं त्या ऐकत नसत. माझं ऐकायच्या. गावात सांगायच्या, माझी धाकटी सून शिकलेली हाय, तिनं सांगितलंय. तेच पायताण त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवलं.

आणि आता मी ज्याच्याभोवती इतका वेळ फिरते आहे ते.

नळ्या निघाल्या, टाके विरघळले, मी बऱ्यापैकी सरळ चालायला लागले. सर्जननी तपासलं आणि म्हणाले, छान आहे सगळं, पट्टा बांधून प्रवास करायला हरकत नाही, फक्त वजन उचलू नका. मी विचारलं, साताऱ्यापर्यंत? ते म्हणाले, जा की.

संध्याकाळी सुमनताईंनी विचारलं, “कवा येतीस? काय म्हणाला डाक्टर?”

मी म्हणाले, “डॉक्टर अजून नको म्हणतात.”

का? न्हाण्यामुळे. आजारातून उठलेल्या सुनेला न्हाणीत बसवून सासूने अंगावर पाणी घालायचं, हळद लावायची, ही आमच्याकडची रीत. मी तिथं उघड्या अंगाने बसणार, आत्ती पाठ चोळणार, सुमनताई पाणी विसणणार. आणि माझ्या पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत लालबुंद रेघ, वर नवी कोरी बेंबी. सुमनताईंची पिशवी काढलेली होती, गाठ काढायला केवढी चीर लागते हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी नुसतं बघितलं असतं. काही बोलल्याही नसत्या. मला ते बघणं नको होतं. म्हणून मी ठरवलं, रेघ जरा फिकी पडू दे.

एवढंच कारण होतं? नाही. कबुलीच द्यायची तर पुरी देते. मला मजा येत होती. कॉलेजमधल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, इथं विश्रामबागलाच. मी पैठणी नेसले. निऱ्या खोचताना पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे होते. तीन जणींनी विचारलं, काय करतेस गं, कशी बारीक झालीस. पंगतीत वाढायलासुद्धा उभी राहिले थोडा वेळ. फोटो काढले, स्टेटसला ठेवले – गावाकडचे सगळे नंबर एकेक करून वगळून. त्यात आमच्या दुधवाल्याचाही नंबर वगळला, तो दिरांचा वर्गमित्र होता. इतकी काळजी घेतली मी. तुम्ही इतकी काळजी कधी कुणाची घेतली आहे का?

त्याच्या पुढच्याच आठवड्यात सुमनताईंचा फोन. सकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले म्हणाल्या, सोप्यापासून चुलीपर्यंत. ठशांच्या मागं गेल्या तर आत्ती भाकरी थापत बसलेल्या. “मी म्हटलं, आवं आत्ती, पायाला काय लागलंय? तर म्हणत्यात, कुठं काय, मला कायबी झालं न्हाई. बघितलं तर उसाचा बुडका रुतलेला तळव्यात. आदल्या दिवशी फडात गेल्या हुत्या. कवाचा हुता काय म्हाईत.”

तोडलेल्या उसाचा बुडखा जमिनीत उभा राहतो, तिरका, धारदार. चप्पल असली तर चपलेत जातो.

मी सांगायचं ते सगळं सांगितलं. आजच दवाखान्यात न्या, साखर तपासा, जखम रोज धुवा, पाय जमिनीला लावू देऊ नका. सुमनताई म्हणाल्या, नेलं, पट्टी केली, गोळ्या दिल्यात. “खरं पायताण घालंनात. पट्टीवरनंच चालत्यात शेणामातीत. वैशाली आली की घालीन म्हणत्यात. तू ये की गं. गाडी पाठवू का? मागं गादी टाकून झोपून ये. न्हाणं आन् ओटी, एका दिवसाचं काम हाय.”

आणि मी चिडले. हो, चिडले. म्हणाले, “ताई, माझे टाके पिकले तर कोण बघणार आहे मला इथं? डॉक्टर नको म्हणतात म्हणजे नको म्हणतात.”

त्या घाबरल्या बिचाऱ्या. “न्हाई न्हाई, तू जप. आमी बघतो हितलं.”

मग मी आत्तींना स्वतः फोन केला. मला वाटलं तेवढं केलं की माझं काम झालं. म्हटलं, आत्ती, माझी शपथ आहे, पायताण घाला. त्या म्हणाल्या, “देवीला शबूद दिलाय बाळ. तुझ्या जिवापरीस पायताण मोठं हाय व्हय?”

तिथं एक वाक्य बोलायचं होतं. आत्ती, माझ्या जिवाला काही झालंच नव्हतं. पोटात गाठ नव्हती. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, गावभर हसू झालं असतं, आणि त्या उठून पायताण घालून गोठ्यात गेल्या असत्या. मला हे तेव्हा कळत होतं. नंतर सुचलेलं नाही हे. दारावरची बेल वाजली नाही, रेंज गेली नाही, कुणी आलं नाही. मी मोबाइल कानाला लावून उभी होते आणि समोर कपाटाचा आरसा होता. त्यावर आता टॉवेल नव्हता.

“बरं,” मी म्हणाले. “जपा.”

पुढचं भराभर सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. अंगठा काळा पडला. साताऱ्याच्या दवाखान्यात अंगठा काढला. जखम भरेना, काळेपणा वर सरकायला लागला. शेवटी गुडघ्याखालून पाय काढला. अंगठा काढला त्या वेळीही मी गेले नव्हते. पाय काढायचं ठरल्यावर दिरांनी यजमानांना फोन केला, त्यांना रजा मिळून ते पोचायला वेळ लागणार होता, तेव्हा मी निघाले. पट्टा बांधून. कारण आता तर जायलाच हवं होतं, आणि शिवाय रेघ बरीच फिकी झाली होती.

वॉर्डात आत्ती उशीला टेकून बसल्या होत्या. चादरीखाली एका बाजूला सपाट होतं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, खालून वर, मग हाताने जवळ बोलावलं.

“किती वाळलीस गं,” त्या म्हणाल्या. “पोट खपाटीला गेलं पोरीचं.”

आणि त्यांनी साडीवरून माझ्या पोटावरून हात फिरवला. सावकाश, इकडून तिकडे. त्यांचा हात फिरताना मला दिसत होता. लागत नव्हता. ती जागा बधिरच होती अजून. मी खाली बघत उभी राहिले, त्यांचा हात थांबेपर्यंत.

माझ्या या सगळ्यात सर्वांत वाईट काय, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. गाठ म्हणाले ते? डॉक्टर नको म्हणतात, म्हणाले ते? स्टेटस? मला वाटतं, यांतलं एकही नाही. घरी आणल्यावर सुमनताई म्हणाल्या, आता न्हाण्याचं कसं करायचं, आत्तींना तर न्हाणीत बसताबी येत न्हाई, उभंबी राहता येत न्हाई. दीर म्हणाले, राहू दे न्हाणं, देवी समजून घील, नुसती ओटी भरा. आणि तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पाय गेला म्हणून न्हाणं टळलं, न्हाणं टळलं म्हणून रेघ कुणी बघितली नाही – आणि मला, त्या घरात, त्या माणसांमध्ये उभं असताना, आतून चक्क बरं वाटलं. हे सांगायचं होतं. इतकी वर्षं हेच.

दिरांनी आत्तींना पाठुंगळी घेऊन डोंगर चढवला. मी ओटी भरली – खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. पुजारीण म्हणाली, भाग्याची सून हाय. खाली उतरल्यावर आत्ती म्हणाल्या, “आण आता पायताण.” सुमनताईंनी जोड आणला, त्यातलं एक पुढं केलं.

यजमानांना अर्धं माहीत आहे. गाठ म्हणून सांगितलं होतं, हे त्यांना आल्यावर कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आईला मात्र सांगितलं नाही. पण डॉक्टर नको म्हणत होते हे त्यांनाही खरंच वाटतं. त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली आहे की नशीब वाईट होतं, वेळ वाईट होती. ती मी मोडलेली नाही. गावात आत्ती सुनेसाठी पाय देणारी सासू म्हणून प्रसिद्ध आहेत. हळदीकुंकवाला नव्या सुना त्यांच्या पाया पडायला आणतात, म्हणजे जो आहे त्याच्या. मी असले तर मलाही शेजारी बसवतात. मी बसते. पदर पुढं घेऊन, पाठ ताठ ठेवून. हल्ली माझी पाठ फार छान ताठ राहते.

मागच्या महिन्यात मला ताप आला. साधा, व्हायरल. कॉलेजात निम्मा स्टाफ आडवा होता. फोनवर बोलताना खोकला लागला म्हणून आत्तींना कळलं. संध्याकाळी सुमनताईंचा फोन आला, आवाज खाली करून.

“आत्तींनी परत देवीला बोललंय. तू बरी हून येस्तवर ऱ्हायलेल्या पायातबी पायताण घालणार न्हाईत म्हणत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगली स्टँडवर गेले आणि मिळेल त्या एसटीत बसले. अंगात ताप होता, कराडपर्यंत डोकं खिडकीला टेकवून होते. साताऱ्याला उतरून दुसरी गाडी धरली. दुपारच्या जेवणाला पोचले. इतकं जवळ आहे ते.

आत्ती सोप्यात खाटेवर बसल्या होत्या, वॉकर बाजूला. एकच पाऊल जमिनीवर टेकलेलं, उघडं. मी खाटेखालून पायताण काढलं, खाली बसून त्यांचा तळवा आधी नीट बघितला, टाचेपासून बोटांपर्यंत, मग पायात घातलं. बसताना पोट आड आलं नाही.

“येडी हाईस काय,” आत्ती म्हणाल्या, “तापात कशाला आलीस?” कपाळावर हात ठेवून बघितला. “हे दुखणं किरकोळ हाय म्हणून तरी आलीस. तवाचं लय मोठं हुतं. तवा तुला कसं येता येणार हुतं?”

सुमनताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या की आत्तींकडे, हे मी वळून बघितलं नाही.

“हो, आत्ती,” मी म्हणाले. “तेव्हा येता येणार नव्हतं.”